एकही गोळी चुकली नाही

१४ ऑक्टोबर

पिनने बँकॉकहून येताना ही वही आणली. म्हणाली, "आई, तू आता गावाची आरोग्यसेविका झालीस, काय काय केलंस ते लिहीत जा." रोज लिहायला मी काय कारकून आहे? पण आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

शहरातून डॉक्टर आले होते. देवळाच्या मंडपात पडदा लावून त्यांनी चित्रं दाखवली. गावप्रमुखाने आम्हा सेविकांना आधीच बजावलं होतं की पाहुण्यांच्या जेवणात काही कमी पडलं तर गावाची अब्रू जाईल. त्यामुळे सुरुवातीचं थोडं ऐकलं आणि आम्ही सगळ्याजणी मंडपामागे चुलीपाशी गेलो. चिकट भात वाफवायचा होता, कोंबड्या भाजायच्या होत्या, बांबूच्या कोंबांचं कालवण करायचं होतं. पुढच्या रांगेत मास्तर, मास्तरांची बायको, गावप्रमुख आणि पंचायतीचा कारकून बसले होते. डॉक्टर बँकॉकच्या भाषेत भराभर बोलत होते. आमच्या लाओ बोलीची सवय असलेल्या कानांना त्यातलं निम्मंच लागतं, आणि उरलेलं चुलीच्या धुरात गेलं. पण मर्म मला आधीच कळलं होतं. नदीच्या कच्च्या माशात डोळ्यांना न दिसणारा जंत असतो. तो माणसाच्या लिव्हरमध्ये जाऊन बसतो आणि त्यातून पुढे कॅन्सर होतो. गोळी घेतली की जंत मरतो. पडद्यावर मेलेला जंतही दाखवला. तेवढ्यात भात उतरवायची वेळ झाली. नंतर टाळ्या ऐकू आल्या, म्हणजे सगळं नीट पार पडलं.

मोठ्या डॉक्टरांनी भात पुन्हा मागून घेतला आणि विचारलं, कोणी केला. गावप्रमुखाने माझ्याकडे बोट दाखवलं.

घरी येऊन थोंगदामला सगळं सांगितलं. नवरा म्हणजे असा की कौतुक म्हणून करायचं नाही. म्हणाला, "लिंबू पिळलं की मासा पांढरा पडतो, म्हणजे शिजतोच की. वरून आम्ही दारू पितो. जंत काय, जंताचा बापही मरेल."

"दारूने जंत मरत असते तर तुझ्यात एकही उरला नसता," मी म्हटलं. त्यावर तो खूप हसला.

३ नोव्हेंबर

भाताच्या खाचरांतलं पाणी उतरलं आणि मासे डबक्यांत गोळा झाले. काल दुपारपासून नदीकाठी सुऱ्यांचा आवाज चालू आहे. दोन्ही हातांत सुऱ्या घेऊन पुरुष फळीवर मासा बारीक करतात, टकटक, टकटक. लहानपणापासून हा आवाज ऐकला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. आमच्यात कोय पुरुषच करतात. कच्चा मासा, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड, पुदिना, आणि आंबटपणाला लिंबू किंवा तांबडे मुंगळे. बायकांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, आणि मला ते फार आवडतही नाही.

थोंगदाम काल पोटभर खाऊन आला. आज सकाळी मी त्याला गोळी दिली. आरोग्य केंद्राने गोळ्या दिल्यात त्या तपासणीत जंत सापडलेल्यांसाठी. पण बाजारात औषधाच्या दुकानात हीच गोळी मिळते, ती मी आणून ठेवली आहे. जंत सापडेपर्यंत वाट कशाला बघायची? मी नियम केला, कोय खाल्लं की दुसऱ्या दिवशी गोळी. त्याला चक्कर आली, उलटीसारखं झालं. मी म्हटलं, "जंत मरताना तडफडतो आहे, सोस जरा."

खेन आणि तियांग हे त्याचे दोघे मित्र दारात उभे राहून बघत होते. खेन म्हणाला, "वहिनी, आम्हालाही दे की. आम्ही काय परके?"

दिल्या. पुरुषांना कोय सोडा म्हणून सांगून काही उपयोग नसतो. खाऊ नका म्हणणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, पण खा आणि मग धुऊन टाका म्हटलं की सगळे ऐकतात. हे मला डॉक्टरांपेक्षा चांगलं कळतं, असं आज वाटलं.

२२ नोव्हेंबर

कापणी. सगळ्यांचं अंग खाजतंय, भाताचं तूस घामात चिकटतं. चिंचेच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ केली की माझी खाज थांबते. थोंगदामची थांबत नाही. तळहात आणि तळपाय खाजवत बसतो. मी म्हटलं, "तळहात खाजला की धन येतं म्हणतात, तळपाय खाजला की काय येतं?"

"बायको येते, दुसरी," तो म्हणाला.

२ डिसेंबर

आज दुकानावर सगळे हसून हसून बेजार झाले. काल मास्तर नदीवर आले, कोयच्या पंगतीत बसले आणि स्वतःच्या वाट्याचा मासा केळीच्या पानात बांधून निखाऱ्यात टाकला. तियांग म्हणाला, "मास्तर, मासा मेलाय, त्याला परत जाळायला कशाला हवं?" मास्तर नुसते हसले. त्यांच्या बायकोने घरातलं मासळीचं लोणचंही आता उकळून घ्यायला सुरुवात केली आहे. चव पार जाते. फार शिकलं की माणूस भित्रा होतो. मी त्यांच्या बायकोला म्हटलं, "अगं, गोळी आहे ना माझ्याकडे." ती म्हणाली, "असू दे, आम्हाला असंच बरं वाटतं."

गोळ्यांची कीर्ती मात्र पसरली. नदीपलीकडच्या गावातून निरोप आला होता, तिथेही नेऊन दिल्या. नावेतून जाताना मी मनात म्हटलं, पिनची आई, पन्नाशीत तुला कोणी एवढं विचारेल असं वाटलं होतं का?

१९ डिसेंबर

कोयच्या पंगतीतला खामसेन गेला. लिव्हरचा कॅन्सर. पोट फुगलं होतं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, पोट उघडलं आणि तसंच शिवून परत पाठवलं. महिनाही निघाला नाही. गावात सगळे म्हणतात, सुरी लागली म्हणून कॅन्सर जागा झाला, झोपलेल्याला उठवायला नको होतं. मलाही ते खरं वाटतं, पण सेविकेने तसं बोलू नये म्हणून गप्प बसले.

मी खामसेनच्या बायकोला हळूच विचारलं, तो गोळी घ्यायचा का? नाही म्हणाली, कधीच घेतली नाही. मी उगाच तिचा हात धरून बसले.

अंत्यविधीचं जेवण मोठं झालं. आलेल्या माणसांना कोय दिलं नाही तर घराला नावं ठेवतात. मंडपात शवपेटी, भिक्खूंचं पठण चालू, आणि मागच्या अंगणात सुऱ्यांची टकटक. एका क्षणी पठण थांबलं आणि टकटक तेवढी राहिली, तेव्हा अंगावर काटा आला. का ते कळलं नाही. थकले असेन.

आज सकाळी ताटात गोळ्या घेऊन घरोघरी फिरले. खेन म्हणाला, "वहिनी प्रसाद वाटतेय." थोंगदामला सगळ्यात आधी दिली.

११ जानेवारी

तपासणीची गाडी आली. पोटावर थंडगार काहीतरी लावून यंत्राने लिव्हर बघतात, दुखत नाही. क्रमांक थोडे होते आणि माणसं फार, म्हणून कोणाला द्यायचे ते सेविकांनी ठरवायचं होतं. थोंगदामच्या नावचा क्रमांक मी सीदा आजीला दिला. बिचारी म्हातारी, तिला कोण विचारतं? आमच्या घरात काही नसणारच. एवढ्या वेळा धुतलेलं लिव्हर गावात दुसऱ्या कोणाचं नसेल.

तोही खूश झाला. म्हणाला, "बरं झालं. ही यंत्रं बघतात म्हणून सापडतं."

सीदा आजीचं सगळं साफ निघालं. तिने मला आशीर्वाद दिला, दोन्ही हातांच्या मनगटांना पांढरा दोरा बांधला. गावप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाला की स्वतःच्या नवऱ्याचा क्रमांक दुसऱ्याला देणारी बाई बघायला मिळत नाही.

थोंगदामची विजार सैल झाली आहे. मी आत चिमटा घेऊन शिवली आणि म्हटलं, "आता तरुण दिसतोस." पोट सुटलं होतं ते कामाने गेलं, चांगलंच आहे.

९ फेब्रुवारी

तो भात टाकून उठतो. कडू लागतो म्हणतो. माझा भात, जो शहरातल्या डॉक्टरांनी पुन्हा मागून घेतला. मी दुपारभर त्याच्याशी बोलले नाही.

रात्री नीट झोप नाही त्याला, अंगावर खाजवून ओरखडे उठलेत. लघवी चहासारखी होते म्हणाला. पाणी कमी पितोस, मी म्हटलं. आणि संडासला पांढरं, चुन्यासारखं. हे ऐकून मला उलट बरं वाटलं. गोळीचा परिणाम असणार, आतलं सगळं निघून जातंय. तरी एक गोळी जास्त दिली.

बनियन धुताना गळ्यापाशी पिवळा डाग दिसला. घासून घासून गेला नाही.

१ मार्च

काही लिहावंसं वाटत नव्हतं. पिनचा फोन आला तर बाबा कसे आहेत म्हणून विचारलं. म्हटलं, बरे आहेत. फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. दारूने चेहरा उतरलाय असं मी लोकांना सांगते, पण त्याने दारू कापणीनंतर सोडलेलीच आहे. वासही सहन होत नाही त्याला.

हे मी आज लिहिलं आणि मग वाचलं.

४ मार्च

सकाळी दुकानावर थोंगदाम बाकावर बसला होता, मी आत तेल घेत होते. मास्तर सायकलवरून चालले होते. थांबले. जवळ येऊन त्याचा चेहरा उन्हाकडे वळवला आणि पापणी खाली ओढून बघितली.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी मला विचारलं.

"काय?"

"डोळे. अगं, हळदीसारखे झालेत. खाज आहे ना? लघवी लाल?"

मी मान डोलावली. मास्तरांचा आवाज खाली गेला. "आजच्या आज जिल्ह्याला घेऊन जा. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, डोळे पिवळे, अंगाला खाज, संडास पांढरी, असं दिसलं की एक दिवस थांबायचं नाही."

"कधी सांगितलं?"

"मंडपात. शेवटी. हेच तर दोनदा सांगितलं. आणि हेही, की गोळीने जंत मरतो पण त्याने केलेली जखम राहते. परत कच्चं खाल्लं की परत जंत, परत जखम. गोळी घेऊन खात राहणं म्हणजे त्याच जागेवर घाव घालत राहणं. आधी खाणं सोडायचं, मग गोळी."

मी तेलाची बाटली घट्ट धरून उभी होते. "मग तुम्ही बोलला का नाहीत? मी घरोघरी वाटत होते, तुमच्या समोरून."

मास्तर म्हणाले, "मला वाटलं, तू सेविका, तू ऐकलं असणारच. तुझ्या शब्दावर बोलायचं म्हणजे तुझा अपमान होईल. आणि लोक हसत होते मला."

"मी भात वाफवत होते, मास्तर."

थोंगदाम बाकावरून आमच्याकडे बघत होता. त्याला ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हणतोय मास्तर? उसने मागतोय का काही?"

१२ मार्च

जिल्ह्याच्या दवाखान्यातून आज परत आलो. पिन सुट्टी काढून आली होती. पित्ताच्या नळीत गाठ आहे, पुढे लिव्हरभर गेलेली. पोटातून नळी घालून तुंबलेलं पित्त काढलं, त्यामुळे पिवळेपणा उतरेल, पण गाठ काढता येणार नाही. डॉक्टर तरुण होती, माझ्या पिनएवढी. पिनशी ती बँकॉकच्या भाषेत बोलली, चित्र काढून, कितीतरी वेळ. थोंगदामकडे वळून एवढंच म्हणाली, "काका, लिव्हर जरा खराब झालंय, आराम करा." तो म्हणाला, "हो बाई, करतो." तेवढ्यावरच त्याची बोळवण झाली.

मला तिने विचारलं, जंताची गोळी कधी घेतली होती का. मी सवयीने, अगदी ताठ मानेने सांगितलं, "एकही चुकली नाही. प्रत्येक कोयनंतर मी स्वतः देत होते."

तिने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाली, "जानेवारीत तुमच्या गावात तपासणीची गाडी आली होती ना? तेव्हा दिसलं असतं. तेव्हा कदाचित काढता आलं असतं."

पिन माझ्याकडे बघत होती. मी माझ्या मनगटावरच्या पांढऱ्या दोऱ्याकडे बघितलं. मळून राखाडी झाला होता, तरी मी सोडला नव्हता. तिथेच दातांनी तोडला.

बाबांना सांगायचं नाही असं पिनने ठरवलं. नाव ऐकलं की माणूस खचतो, लवकर जातो, असं आमच्यात सगळेच मानतात. मी हो म्हटलं. मला आता कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचा अधिकार उरला आहे असं वाटत नाही.

३० मार्च

पिवळेपणा उतरला. थोडा भात खाल्ला त्याने आज. अंगणात बसून जाळं दुरुस्त करत होता. म्हणाला, "बघ, तुझ्या गोळ्यांनी शेवटी काम केलंच." मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले आणि दाणे संपले तरी तिथेच उभी राहिले.

आरोग्य केंद्रात जाऊन नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा एक सभा घेऊ, पाहुणे बोलवू, जेवणाची व्यवस्था तुम्ही बघाल ना? मी म्हटलं, नाही बघणार. जेवणच नको. त्यांना ते उद्धट वाटलं.

१३ एप्रिल

नवीन वर्ष. परगावी गेलेली सगळी पोरं परतली आहेत, रस्त्यावर पाणी उडवणं चालू आहे. सकाळी पिनने आमच्या हातांवर सुगंधी पाणी घालून नमस्कार केला. बापाच्या हातांवर ती पाणी घालतच राहिली. तो म्हणाला, "सगळं पाणी संपवू नकोस गं, पुढच्या वर्षाला ठेव."

दुपारी खेन आणि तियांग आले, मागे आणखी चौघे. तळं आटलंय, मासे भरपूर, संध्याकाळी कोय. "वहिनी, गोळ्या काढून ठेव," खेन म्हणाला. "पाहुणे फार आहेत, जास्त लागतील."

थोंगदाम ओट्यावरच्या बाजेवर पडला होता. मी दारात उभी राहिले. "गोळ्या नाहीत. आणि असत्या तरी दिल्या नसत्या. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. गोळीने धुतलं जात नाही. कोय खाऊ नका. मासा शिजवा."

ते हसले. मग मी हसत नाही असं बघून थांबले. तियांग म्हणाला, "वहिनी, सरळ सांग की, दादासाठी ठेवायच्यात. त्याचं दुखणं बघून तू घाबरलीस. कळतं आम्हाला." आणि खेन समजुतीच्या स्वरात म्हणाला, "दादाची एखादी गोळी चुकली असणार. खाऊन विसरला असेल. म्हणून झालं. आम्ही नाही विसरत."

गावात हेच बोललं जातंय हे मला त्या क्षणी कळलं. खामसेनने गोळी घेतली नाही म्हणून गेला, थोंगदामची चुकली म्हणून आजारी पडला. हेच तर मी त्यांना शिकवलं होतं.

तेव्हा बाजेवरून तो उठून बसला. उठायला वेळ लागला त्याला. माझ्यासाठी तो लोकांशी भांडला असं आमच्या सगळ्या संसारात झालं नव्हतं. म्हणाला, "ए खेन, तोंड सांभाळून बोल. माझी एकही गोळी चुकली नाही. हिने कधी चुकू दिली नाही. विचार तिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही चुकली," मी म्हटलं. "एकही नाही. मी स्वतःच्या हाताने दिली, प्रत्येक वेळी."

बाहेर पोरं पाणी उडवून ओरडत होती. खेनने थोंगदामच्या हाडं निघालेल्या खांद्यांकडे पाहिलं, पोटातून बाहेर आलेल्या नळीकडे पाहिलं, आणि नकळत स्वतःच्या बरगडीखाली हात नेला. तियांग पायरीवर बसला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि थोंगदाम त्यांच्याकडे बघत होता, एकेकाच्या चेहऱ्याकडे. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पिनची आई," तो म्हणाला, "मग मला काय झालंय?"

पिन घरातून धावत आली, मला थांबवायला. मी थांबले नाही. त्याच्या शेजारी बसले आणि आमच्या बोलीत, हळूहळू, सगळं सांगितलं. जंत, जखम, गाठ, तिचं नाव, मंडप, भात, सीदा आजीला दिलेला क्रमांक. काही गाळलं नाही. त्याने मध्ये एकदाच विचारलं, "त्या डॉक्टरीणबाईने हेच सांगितलं होतं का पिनला, एवढा वेळ?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मला पण कळलं असतं. सांगितलं असतं तर." मग आडवा झाला आणि माझा हात सोडला नाही. त्याने सोडायला हवा होता, असं मला वाटत राहिलं.

माणसं एकेक करून निघून गेली. कोणी गोळ्या मागितल्या नाहीत.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. नदीकडे शांत होतं. तळ्यावरून धूर दिसला, भाजलेल्या माशाचा वास आला. पिन म्हणाली, "आई, ऐकलं त्यांनी." मीही क्षणभर धरून चालले.

मग वारा फिरला आणि पाण्यावरून आवाज आला, टकटक, टकटक, एक फळी, मग दुसरी, मग किती ते कळेना. पलीकडच्या गावाचा होता. तिथेही नवीन वर्ष आहे. गेल्या आठवड्यात तिकडून निरोप आला होता, गोळ्या पुरेशा आहेत, काळजी करू नका.

मी चप्पल घातली आणि नावेकडे निघाले.